अंदमानात पहिलं स्कूबा: तिकीट काढण्यापासून लॉगबुक भरेपर्यंत

अंदमानला निघालेल्या आपल्या मराठी लोकांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो, मग बोटीने हॅवलॉक, नील ही बेटं, आणि परत निघायच्या आदल्या दिवशी वेळ उरलाच तर स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली फिरणं. स्कूबा खरंच करायचं असेल तर हा क्रम पूर्ण उलटा करा. उतरल्या उतरल्या हॅवलॉक गाठा, डायव्हिंग आधी उरका आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी ठेवा. कारण डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८ तास, आणि मी तर सरळ २४ तास सांगते, म्हणजे हिशोबच करायला नको. असं का ते पुढे येईलच.

मी स्वतः मामेबहिणीबरोबर गेले होते, दोघींनी ओपन वॉटर कोर्स केला आणि त्यानंतर तीन वेळा जाऊन आले. मी काही इन्स्ट्रक्टर नाही. पण तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. आणि सगळ्यात आधी एक सांगते, हा ताकदीचा खेळ नाहीये, श्वासाचा आणि सबुरीचा आहे. जिममध्ये जाणारी धडधाकट मुलं पंचवीस मिनिटांत टाकी रिकामी करून वर येतात आणि पन्नाशीच्या काकू शांतपणे पाऊण तास खाली फिरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिकीट काढायच्या आधी

हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजय पुरम. बोटीच्या तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसलं तर गोंधळू नका. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला सरकारी फेरी आणि खाजगी कॅटमरान दोन्ही जातात, दीड ते अडीच तास लागतात. सीझनला तिकिटं पटापट संपतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढलं की लगेच फेरीचंही बघून टाका.

सीझन म्हणजे नोव्हेंबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत असतो, दिवाळीनंतर आणि डिसेंबरात गर्दी जास्त आणि बंगालच्या उपसागरात वादळाची शक्यताही असते. पाणी वर्षभर २७ ते ३० अंश, त्यामुळे थंडीची भीती नको, तरी दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला हुडहुडी भरते कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर ओढून घेतं. तेव्हा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, मिळत असेल तर उकडतंय म्हणून नाकारू नका.

आता ठरवायचं ते म्हणजे नुसतं डीएसडी करायचं की कोर्स. डीएसडी म्हणजे डिस्कव्हर स्कूबा, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुमची टाकी धरून असतो, जास्तीत जास्त १२ मीटर, पोहता येत नसलं तरी बरीच सेंटर्स घेऊन जातात. हे वाईट नाही, पण त्यात तुम्ही प्रवासी असता, ड्रायव्हर नाही. ओपन वॉटर कोर्सला तीन ते चार दिवस लागतात, थोडी थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह, आणि मग जे कार्ड मिळतं त्यावर जगात कुठेही १८ मीटरपर्यंत बडीबरोबर, म्हणजे डायव्हिंगच्या जोडीदाराबरोबर, उतरता येतं. पाडी आणि एसएसआय या दोन संस्थांचे कोर्स आपल्याकडे जास्त चालतात, दोन्ही सारखेच चांगले, भांडत बसू नका. दहा वर्षांपुढची मुलंही करू शकतात, त्यांना खोलीची मर्यादा कमी असते. माझं मत विचाराल तर सहा-सात दिवस हाताशी असतील तर कोर्सच करा. एवढं लांब जाऊन वीस मिनिटं कुणीतरी ढकलत नेणार आणि आपण फोटोसाठी हात हलवणार, त्यात समुद्र काही कळत नाही.

कोर्सला पोहता यायला लागतं. २०० मीटर न थांबता, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहायचं. स्टाइल कुणी बघत नाही. येत नसेल तर निघायच्या दोन-तीन महिने आधी गावातल्या तलावावर जायला लागा, तेवढ्यात होतं.

मग मेडिकल फॉर्म. यात खोटं लिहू नका, हे अगदी कळकळीने सांगतेय. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाचं ऑपरेशन, फुफ्फुसाचा जुना आजार, नुकतीच झालेली सर्जरी, डायबेटिस, यातलं काही असेल तर घरूनच डॉक्टरांकडून लेखी घेऊन जा, कारण तिथे बेटावर जाऊन फॉर्मवर एकदा 'हो' आलं की डॉक्टरच्या सहीशिवाय कुठलंही चांगलं सेंटर पाण्यात उतरवणार नाही आणि ती सही मिळवण्यात तुमचे दोन दिवस जातील. गरोदर असाल तर डायव्हिंग अजिबात नाही. पाळी चालू असेल तर काही अडचण नाही, बायका विचारायला लाजतात म्हणून मुद्दाम लिहिलं, आणि शार्कचं मनात आणू नका, तसं काही होत नाही.

चष्मा असेल तर आधीच फोनवर सांगा, काही सेंटरकडे नंबरचे मास्क असतात, नाहीतर सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं, ओठावरचा थोडा भाग तरी भादरून घ्या.

सेंटर कसं निवडायचं

सगळ्यात स्वस्त कोण, हा पहिला प्रश्न नसावा. फोन करून चार गोष्टी विचारा. एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण? डीएसडीला एकास एक असायला हवा. बोटीवर ऑक्सिजन किट असतं का? काही झालं तर काय करता, रिकम्प्रेशन चेंबरला, म्हणजे दाब वाढवून उपचार करतात त्या बंद खोलीत, कसं नेणार? इन्स्ट्रक्टरचा नंबर द्याल का, म्हणजे संस्थेच्या साइटवर तपासता येईल? चांगली माणसं या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट खुश होतात.

कोर्सच्या कितीतरी आधी एका किनाऱ्यावर, कुठला ते नाही सांगत, मी 'स्कूबा' म्हणून जे केलं होतं त्यात ना फॉर्म भरून घेतला ना कान कसे सोडायचे ते सांगितलं, तोंडात नळी देऊन आठ-दहा मिनिटं खाली धरलं, माशांना पाव टाकला, फोटो काढला, झालं. त्या पावाने माशांचं पोट बिघडतं, त्यांच्या सवयी बदलतात, आणि मला तर वर येईपर्यंत कान दुखतोय हे सांगायची खूणसुद्धा माहीत नव्हती. अंदमानात असो, गोव्याच्या ग्रँड आयलंडला असो की मालवणला, ब्रीफिंग न देता पाण्यात उतरवणारा माणूस दिसला की पैसे सोडून द्या पण उतरू नका. मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीची रीतसर प्रशिक्षण संस्था आहे, तिथे व्यवस्थित कोर्स करता येतो, पाणी अंदमानाइतकं नितळ नसतं एवढंच.

पहिला दिवस: सामान आणि उथळ पाणी

पहिल्यांदा एक गैरसमज. पाठीवरची टाकी ही ऑक्सिजनची नसते. त्यात आपली रोजचीच हवा असते, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली, ऑक्सिजन २१ टक्केच. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत साधारण ११ लिटर जागा असते आणि २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की २२०० लिटर हवा मावते. यातली ५० बार राखीव, तिला हात लावायचा नाही, म्हणजे वापरायला साडेसोळाशे लिटर. नवीन माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा, १० मीटर खोल पाण्यात दाब दुप्पट म्हणून हवाही दुप्पट लागते, ४० लिटर, म्हणजे चाळीसेक मिनिटं. घाबरून धापा टाकल्या की हेच वीस मिनिटांवर येतं. श्वास सावकाश का घ्यायचा ते या आकडेमोडीत आलं.

टाकीला जोडलेला रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचा तो भाग, तुम्ही ओढाल तेवढीच हवा आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या जोडीने ही युक्ती जमवली आणि तिथून माणूस माशासारखा मोकळा फिरायला लागला. अंगातलं जॅकेट म्हणजे बीसीडी, त्यात हवा भरली की वर, सोडली की खाली. कमरेला शिशाचं वजन. सगळं मिळून वीसेक किलो भरतं, बोटीवर उभं राहताना गुडघे कुरकुरतात, पण पाण्यात पडलं की ते वजन कुठे जातं कळत नाही. टाकी जोडल्यावर रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घेऊन बघा, हवेला काहीही वास-चव असता कामा नये, तेलकट वास आला तर टाकी बदलून मागा.

मग उथळ पाण्यात गुडघ्यावर बसून सराव. सगळ्यांची जिथे फाटते ती गोष्ट म्हणजे मास्कमध्ये पाणी घेणं. इन्स्ट्रक्टर सांगतो, मास्कची वरची कड जरा उचल आणि पाणी येऊ दे. पाणी नाकापर्यंत येतं, डोळ्यांपर्यंत येतं, आणि डोकं ओरडत असतं की बुडालो. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा की हवा तोंडातून चालूच आहे. नाक विसरा. तोंडाने दोन श्वास घ्या, मग मास्कची वरची कड बोटांनी कपाळाशी दाबा, मान किंचित वर, आणि नाकातून लांब फुंकर सोडा, जेवताना ठसका लागल्यावर सोडतो तशी नाही, शेकोटीवर घालतो तशी, सलग. पाणी खालच्या कडेने निघून जातं. मला हे सातव्या वेळेला जमलं. बहिणीला पहिल्यांदाच. दोन्ही ठीक आहे, इन्स्ट्रक्टरला घाई नसते, तुम्हीही करू नका. आणि मास्कवर धुकं येऊ नये म्हणून काचेला आतून थुंकी चोळायची आणि एकदा विसळायचं, किळस वाटली तरी याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

खुणा त्याच दिवशी पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे सगळं ठीक. पंजा आडवा धरून डुगडुग हलवला की काहीतरी गडबड आहे, आणि मग जिथे गडबड तिकडे बोट. अंगठा वर केला तर 'मस्त' असा अर्थ नाही, 'वर चला' असा आहे, आणि वर चला म्हटलं की सगळ्यांनी वर यायचं असतं. आपल्याकडच्या लोकांची इथे हमखास चूक होते, मासा आवडला म्हणून अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर डाइव्ह संपवून वर घेऊन येतो.

कान

याच्यावर जरा जास्त लिहिते, कारण पहिल्या डाइव्हला उतरलेल्यांपैकी जे अर्ध्यातूनच वर परत येतात त्यातले बहुतेक कानामुळेच येतात.

खंडाळ्याचा घाट चढताना-उतरताना कानाला दडे बसतात, तीच गोष्ट, फक्त पाण्यात फार झटपट होते. हवेचा दाब एक धरला तर १० मीटर खाली तो दोन होतो, २० मीटरवर तीन. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट झाला, पुढच्या १० मध्ये दीडपट. म्हणून पहिले पाच मीटर सगळ्यात हळू उतरायचं. नाक चिमटीत धरून तोंड बंद ठेवून हलकेच फुंकायचं, कानात टप् असा आवाज येतो, कान सुटला. हे दुखायच्या आधी करायचं, अगदी पाण्याच्या वर असतानाच एकदा, आणि मग दर हातभर खाली गेलं की एकदा. दुखल्यावर करायला गेलात तर नळी आतून दाबली गेलेली असते, कितीही जोर लावा सुटत नाही. अशा वेळी मीटरभर वर या, तिथे सोडा, मग परत खाली. जोर कधीच लावायचा नाही, कानाचा पडदा फाटायला वेळ लागत नाही. दोराला धरून पाय खाली ठेवून उतरलं की सोपं जातं.

आणि सर्दी असेल तर डाइव्ह नाही. मला पोर्ट ब्लेअरला एसीत झोपून नाक चोंदलं होतं, मी कुणाला बोलले नाही, वाटलं तीन दिवसांचा कोर्स आहे, एक दिवस वाया का घालवा. तीन मीटरवर डाव्या कानात दाभण घुसवल्यासारखं झालं. आमचा इन्स्ट्रक्टर करेन समाजातला, १९२५ च्या सुमाराला ब्रह्मदेशातून येऊन मायाबंदरकडे वसलेली ही माणसं, समुद्र त्यांच्या घरचाच. त्याने माझ्या डोळ्यांकडे बघूनच ओळखलं, वर आणलं आणि बोटीवर एवढंच म्हणाला, 'दीदी, समंदर कल भी यहीं रहेगा.' माझे दोन दिवस गेले, कोर्स पुढे ढकलावा लागला, पण कान वाचला. चोंदलेलं नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरायचा विचारही करू नका, तिचा असर खाली असताना संपला की वर येताना कान अडकतो आणि ते जास्त भयंकर.

तरंगायला शिकणं

कोर्समध्ये खरं शिकायचं काय असेल तर हे. खाली गेल्यावर ना वर ना खाली, एकाच जागी अधांतरी राहायचं. बटणं दाबून हे होत नाही, फुफ्फुसाने होतं. श्वास आत घेतला की दोन सेकंदांनी तुम्ही जरासे वर सरकता, सोडला की खाली. ते दोन सेकंद कळले की अर्धं काम झालं. नवीन माणूस वर जातोय वाटलं की घाबरून आणखी श्वास भरतो आणि आणखी वर जातो, खाली जातोय वाटलं की हात वल्हवायला लागतो. हात पोटाशी धरून ठेवा. सायकल मारल्यासारखे पाय हलवू नका, मांडीपासून लांब, संथ फिन (पायात घालायचे रबरी वल्हे) मारा आणि मधे थांबा.

हे एवढं महत्त्वाचं का, तर खाली जे पसरलंय ते दगड नाहीत. प्रवाळ हा प्राणी आहे, टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, चुन्याचं घर बांधतात, आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न बनवून त्यांना देतं. पाणी नेहमीपेक्षा गरम होऊन आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की हे शेवाळ बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि तसंच राहिलं तर मरतं. अंदमानात २०१० ला हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ ला परत. त्याआधी २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनाराच उचलला गेला आणि तिथलं प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळून मेलं. गोल डोंगरासारखं जे प्रवाळ असतं ना, ते वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. तुमच्या उंचीचा एखादा गोळा दिसला तर तो १८५७ च्या उठावाच्या आसपासचा असू शकतो. त्याच्यावर फिनची एक लाथ बसली की काय जातं ते तुम्हीच बघा.

बोटीचा दिवस

अंदमानात पाच-साडेपाचला उजाडतं आणि थंडीत संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, म्हणून बोटी सकाळी लवकर निघतात. आदल्या रात्री दारू नको, झोप पूर्ण हवी. नाश्ता हलका पण पोटात काहीतरी असू द्या, पुरी-भाजी नको, केळं-टोस्ट पुरे. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागते, गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मोबाइलमध्ये बघू नका, क्षितिजाकडे बघा. खाली असताना उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडात धरूनच करा, ती त्यातून बाहेर जाते, मग बटण दाबून रेग्युलेटर साफ करायचा. ऐकायला घाण वाटतं पण माहीत असलं की भीती राहत नाही.

उन्हासाठी क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, घाला, ते क्रीम पाण्यात धुऊन जाऊन प्रवाळावरच बसतं.

सगळ्यात मोठा नियम आता सांगते. श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तसाच धरून वर आलात तर ती हवा दुप्पट फुगते, वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला नेल्यावर टम्म होतं तशी, आणि फुफ्फुस फाटू शकतं. आत-बाहेर, आत-बाहेर, सतत. दुसरं, वर हळू यायचं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. खाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो, सोड्याची बाटली एकदम उघडली की फसफसून येते आणि हळू उघडली तर शांत राहते, तसंच शरीराचं आहे. विमानाचे ते २४ तासही याच्यासाठीच, कारण उंचावर केबिनमधला दाब कमी असतो आणि उरलेला नायट्रोजन तिथे फसफसतो.

कुठे उतरायचं आणि काय बघायचं

नवीन लोकांना हॅवलॉकमध्ये बहुतेक नीमो रीफला नेतात, किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात जायचं, उथळ आणि शांत. अ‍ॅक्वेरियम आणि लाइटहाऊस याही सोप्या जागा, बोटीने. जेटीजवळची द वॉल जरा पुढची. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकून हट्ट धरू नका, त्या खोल जागा आहेत, पाण्याला करंट, म्हणजे ओढ, असतो, कार्ड आणि थोडा अनुभव आल्यावर करा. नीलला जंक्शन आणि बस स्टॉप आहेत, तिथे गर्दी कमी.

खाली गेल्यावर पहिल्यांदा रंग बदललेले दिसतील. लाल रंग चार-पाच मीटरमध्येच जातो, सगळं निळसर-हिरवट. वस्तू आहेत त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून वर आल्यावर सांगायच्या माशाची लांबी जरा कमी करून सांगा. आवाज पाण्यात चौपटीहून जास्त वेगाने येतो म्हणून बोटीचं इंजिन कुठल्या बाजूला आहे ते कळतच नाही, सगळीकडून येतंय वाटतं. आणि एक बारीक कडकड सतत ऐकू येईल, तेलात जिरं-मोहरी तडतडल्यासारखी. त्यातली बरीचशी छोट्या कोळंब्यांची असते, नख्या आपटतात त्या.

माझी दुसरी डाइव्ह, सहा मीटरवर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, होतं, परातीएवढं, त्याचे बोटांसारखे दोरे लाटेबरोबर एकदम डावीकडे झुकायचे, एकदम उजवीकडे. आत क्लाउनफिश. मोठी मादी, तिच्याहून लहान नर, आणि दोन-तीन पिल्लांएवढे. मी श्वास सोडून स्थिर व्हायचा प्रयत्न करत होते आणि त्यातला सगळ्यात छोटा, माझ्या करंगळीच्या पेराएवढा, बाहेर येऊन माझ्या मास्कच्या काचेसमोर तोंड उघडमिट करत उभा राहिला, मग मागे, मग परत पुढे. घर राखत होता. हे सगळे मासे जन्माला नर म्हणूनच येतात, मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि त्याच्या खालचा त्या नराची जागा घेतो. मी तिथे दहा मिनिटं होते आणि ती डाइव्ह मला अजून घटकेघटकेने आठवते. त्यापेक्षा मोठं काहीतरी बघायला धावत सुटले असते तर यातलं काहीच दिसलं नसतं.

अशाच ठिकाणी थांबलात तर साफसफाईचं स्टेशन दिसेल. आपल्याकडे ज्याला गोब्रा म्हणतात तो मोठा मासा तोंड वासून उभा असतो आणि काळ्या-निळ्या पट्ट्याचे बोटभर मासे त्याच्या कल्ल्यातून, दातांतून किडे वेचून खात असतात, तो त्यांना गिळत नाही. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो, कटकट ऐकू येतं, आणि मागून पांढरी वाळू सोडतो, पायाखालच्या त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यात त्याचा मोठा वाटा आहे. पाकट वाळूत अंग पुरून बसलेलं असतं, नुसते डोळे बाहेर. ऑक्टोपस दगडासारखा दिसतो आणि तुम्ही नजर हलवलीत की तिथे नसतो. कासव दिसलं तर त्याच्या मागे लागू नका, बाजूला राहा, त्याला श्वास घ्यायला वर जायचं असतं. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, ही अंदमान-निकोबारची राज्यप्राणी, समुद्रगवत खाते, ती दिसली तर तुमचं नशीब थोर.

कशाला हात लावायचा नाही

सोपं आहे, कशालाच नाही. पण कारणं माहीत असू द्या. स्टोनफिश हुबेहूब शेवाळलेला दगड असतो, काट्यात विष. लायनफिशचे सुंदर पंखही विषारी. असा काटा लागला तर वर या आणि सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, त्याने विष निकामी व्हायला मदत होते, आणि लगेच डॉक्टर. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख उचलायचा मोह होतो, आत जिवंत गोगलगाय असते आणि तिची नांगी जीवघेणी ठरू शकते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्रसाप दिसेल, विष जहाल पण स्वभावाने गरीब, तो श्वास घ्यायला वर चाललेला असतो, वाट द्या. भांडखोर म्हणाल तर टायटन ट्रिगरफिश, घरट्यावर असेल तर चावायला येतो, त्याची हद्द घरट्यापासून वरच्या बाजूला पसरत जाते, म्हणून पळताना वर नाही, आडवं पळा. शार्क दिसल्या तर त्या बहुतेक लहान रीफ शार्क असतात, आपल्याकडे शार्कला मोरी म्हणतात तीच, तुम्हाला बघून तीच निघून जाते. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे, खाडी आणि खारफुटीच्या बाजूला पाटी लावलेली असेल तिथे पोहायला उतरू नका, हे मात्र गंभीरपणे घ्या.

आणि प्रवाळाचा तुकडा, शंख, काहीही पिशवीत घालू नका, मेलेलं, किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी, बरेचसे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. सरकारमान्य दुकानातून विकत घेतलेल्या शंखांची पावती जपून ठेवा.

वर आल्यावर

भरपूर पाणी प्या. टाकीतली हवा कोरडी असते, घसा आणि अंग दोन्ही सुकतं. सांधे दुखायला लागले, अंगावर पुरळ आलं, मुंग्या आल्या, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा वाटला तर 'झोपून उठलं की बरं वाटेल' म्हणून दडवू नका, लगेच सेंटरला सांगा, ऑक्सिजन लावायला जितका उशीर तितकं वाईट. कान दुसऱ्या दिवशीही जड वाटत असेल तर पुढची डाइव्ह रद्द करा. सामान गोड्या पाण्यात विसळायला मदत करा, पोरं दिवसभर टाक्या वाहून दमलेली असतात.

मग लॉगबुक काढा. जागेचं नाव, खोली, किती मिनिटं, टाकी किती बारला सुरू केली आणि किती उरली, कमरेला किती किलो वजन होतं. हे वजन नक्की लिहा, पुढच्या वेळी त्याच्यावरून सुरुवात करता येते. खाली काय दिसलं ते त्याच संध्याकाळी लिहा, नाव माहीत नसेल तर रंग, पट्टे, शेपटीचा आकार लिहून ठेवा, सेंटरमध्ये माशांचं पुस्तक असतं, त्यात इन्स्ट्रक्टरबरोबर शोधा. माझ्या लॉगबुकात दुसऱ्या डाइव्हच्या पानावर खोली ९ मीटर, ४१ मिनिटं, शेवटी ६० बार आणि खाली एवढंच लिहिलंय, 'करंगळीएवढा, पुढे आला, मागे गेला, परत पुढे आला.'